मागून धरलेली बाही

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवीन सुनेने काय काय करावं, हे मला बऱ्याच जणींनी न विचारता सांगितलं होतं. नवऱ्याचा कोट उलटा करून बघ, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सवयीने केलं.

माझं काम रफूचं. बाजारातल्या एका ड्रायक्लीनरच्या दुकानात काचेला लागून माझी खुर्ची आहे, वर भिंगाचा दिवा. लोक फाटलेले, जळलेले, कसर लागलेले कपडे आणतात, आणि मी त्याच कपड्याच्या आतल्या बाजूचे धागे काढून ते भोक विणून टाकते. कपडा हातात आला की आधी खिसे तपासायचे आणि मग तो उलटा करायचा, ही मला काम शिकवताना मामाने लावलेली शिस्त. गिऱ्हाईक सांगतं ते एक आणि आतून दिसतं ते भलतंच, असं रोज होतं. ‘खुर्चीला अडकला हो’ म्हणून आणलेल्या सदऱ्याला सिगारेटचं भोक असतं. या कामाने माझा स्वभाव थोडा संशयी झालाय असं आई म्हणते. थोडा कसला, चांगलाच झालाय, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

तर कोट. राखाडी, लोकरीचा. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी नवऱ्याने घातला होता आणि त्याला तो शोभूनही दिसला होता. रश्श्याचा डाग पडलाय का बघावं म्हणून मी तो उचलला, खिशातला रुमाल काढला, कोट उलटा केला आणि उजव्या बाहीपाशी आल्यावर हात थांबला. खांद्याजवळ अस्तर उघडून पुन्हा शिवलेलं होतं आणि ते टाके उलट्या बाजूला कललेले होते. मी डावखुरी आहे. माझ्या ओळखीत असे टाके घालणारं दुसरं कुणी नाही.

कोट सुलटा केला, खिडकीशी नेला, बाहीच्या मागच्या बाजूला नखाने चाचपलं. होतं. रफू इतकं चोख होतं की आदल्या दिवशी तासन्‌तास त्या बाहीशेजारी उभी राहूनही मला ते दिसलं नव्हतं. स्वतःचं कौतुक करायची ही वेळ नव्हती, तरी क्षणभर केलंच.

आणि मग ती बाई आठवली.

मागच्या थंडीत आली होती. उंच, सावळी, हसताना तोंडावर हात ठेवणारी. कोट ठेवून जा म्हटलं तर म्हणाली, “नको, बसते मी इथेच,” आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. शिवण शाबूत होती आणि शिवणीलगतचं कापड फाटलं होतं. असं कधी होतं हे मला ठाऊक आहे. घालणारा निघालेला असतो, कुणीतरी मागून बाही धरतं आणि घालणारा थांबत नाही. मी गंमतीने विचारलं होतं, “कोण पळून जात होतं?”

ती हसली होती, तोंडावर हात ठेवून. “पळून कुठे जातोय! नुसता हात सोडवून घेतला.”

त्यानंतर तिने माझीच चौकशी सुरू केली होती. घरी कोण कोण, लग्न झालंय का, राग येतो का लवकर. रिकामी बाई दिसते, असं मनात म्हणून मी उत्तरं देत गेले.

आता ती कोण, हे मला कळायला हवं होतं. ज्या पुरुषाची बाही एका बाईने धरली होती आणि ज्याने हात सोडवून घेतला होता, त्याच्याशी माझं काल लग्न झालं होतं. माझी बॅग कोपऱ्यात होती. वरचे दोन कपडे काढले होते, ते घडी घालून परत आत ठेवले.

नवरा स्वयंपाकघरात चहा पीत होता. तो मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणतात. शिकाऊ लोकांच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि माणूस घाबरला की तो ब्रेक नसलेल्या ठिकाणीही दाबतो. लग्नाआधी तीन-चार वेळा भेटलो, तेवढ्यात मी ते हेरलं होतं.

“मास्तर, हा कोट कधी घेतलास?”

“कोट? झाली असतील चार-पाच वर्षं.”

“कधी फाटला होता का?”

“छे!” तो म्हणाला, आणि त्याच्या उजव्या पायाची चप्पल फरशीवर दाबली गेली.

सासूबाई ओट्याशी होत्या. त्यांनी वळूनही न बघता सांगितलं, “अरे, विसरलास काय? दाराच्या खिळ्याला अडकला होता ना! मीच नव्हता का नेला रफूला?”

“हो हो,” तो म्हणाला. “खिळ्याला.”

खिळ्याने कापड काटकोनात फाटतं. आणि सासूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मला बघायला आल्या तेव्हा. म्हणजे एका कपभर चहात दोघांनी मिळून मला तीनदा फसवलं होतं. मी काही बोलले नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत असलं की मी गप्प बसते, म्हणजे ते आणखी बोलतं.

सासूबाई आणखी बोलल्या नाहीत, पण त्यांनी दुसरंच काही केलं. सासरे अंघोळ करून आले तसे त्यांनी फळीवरून कप काढून मांडले आणि त्यातला एक उचलून परत ठेवला. अगदी सहज, हाताला सवय असते तसा. मला धरून घरात चार माणसं आणि त्यांनी मांडले होते पाच कप; म्हणजे मी यायच्या आधीही इथे चौथा कप लागत होता.

माझ्या डोक्यात तेवढ्यात अख्खी कहाणी तयार झाली. याचं आधी एक लग्न झालेलं आहे. ती उंच बाई या घरात नांदलेली आहे, या ओट्याशी उभी राहिलेली आहे. यांनी तिला काढलं, मोठ्या मनाने तिने जाता जाता फाटका कोट नीट करून दिला, आणि जिच्याकडे नेला तिलाच यांनी आणून तिच्या जागी बसवलं. आमच्या खोलीतल्या कपाटाकडे मी नव्या नजरेने पाहिलं. कपडे टांगायची दांडी इतकी उंच लावली होती की मला टाचा उचलाव्या लागत होत्या, आणि मास्तरची उंची माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. कपाटात वास होता लवंगेचा. मास्तरला लवंग आवडत नाही. लग्नाआधी एका भेटीत त्याने चहातून ती वेचून काढली होती.

फोनवर लग्नाचे फोटो आले होते. मी गच्चीत जाऊन सगळे पाहिले, बोटांनी मोठे करकरून. मागच्या रांगा, जेवणारी माणसं, दारातले चेहरे. ती कुठेच नव्हती. परकी असती तर नसणं साहजिकच होतं. पण परकी असती तर माझ्या नवऱ्याचा कोट मांडीवर घेऊन बसली नसती.

मी आईला फोन लावला. “आई, या लोकांची चौकशी नीट केली होतीस ना?”

“झालं का सुरू? अगं, हॉलवाल्याने अजून खुर्च्यासुद्धा आवरल्या नसतील!”

“सांग ना.”

“केली होती बाई, दहा जणांकडे. एकुलता एक मुलगा, दिराजावांची कटकट नाही, नणंदेचा जाच नाही. एवढं सुटसुटीत घर शोधून सापडणार नाही. तू मात्र तिथे भिंग घेऊन बसू नकोस.”

मी फोन ठेवला. मला भीती वाटत होती, हे इथेच सांगून टाकते. खोटं पकडायची मला सवय आहे, पण ते दुसऱ्यांचं असतं. कपडा बांधून दिला की माझा संबंध संपतो. इथे मला राहायचं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हा माणूस मला आवडला होता. रस्ता ओलांडताना तो आधी माझ्या बाजूला बघायचा आणि मग गाड्यांच्या. अशा माणसाने एका बाईच्या हातातून बाही ओढून घेतली असेल, हे मला पटत नव्हतं, आणि बाही तर खोटं बोलत नव्हती.

मी ठरवलं की संध्याकाळपर्यंत कुढत बसायचं नाही. विचारायचं, सगळ्यांसमोर विचारायचं, आणि उत्तर खोटं आलं तर बॅग उचलायची. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. नवी नवरी दुसऱ्या दिवशी परत आली म्हणून आईला रडू येईल, तिची समजूत मी काढेन.

दुपारी जेवायला बसलो. सासऱ्यांनी माझ्या ताटात आग्रहाने भाजी वाढली. ते आधीच्या शहरात पाणीपुरवठा खात्यात होते, आता निवृत्त. बोलतात कमी आणि बायको बोलायला लागली की ताटाकडे बघतात.

मी म्हटलं, “आई, तो कोट रफूला तुम्ही नेला नव्हता. ते रफू माझ्याच हातचं आहे.”

सासूबाईंचा घास हातात राहिला. त्यांना माझं काम माहीत होतं, दुकानही माहीत होतं. पण रफू दिसतच नाही म्हटल्यावर ते कुणी केलं हे ओळखता येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“एक बाई घेऊन आली होती,” मी पुढे म्हणाले. “उंच. सावळी. हसताना तोंडावर हात ठेवते. ती कोण, एवढंच मला सांगा. आणि कृपा करून खिळा मध्ये आणू नका.”

मास्तरकडे मी बघितलं नाही, मुद्दामच. मग सासऱ्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, “पुढचा दात पडलाय तिचा. म्हणून ठेवते हात.”

“अहो!” सासूबाई म्हणाल्या.

“पुरे झालं आता,” ते म्हणाले. “आमची मोठी मुलगी आहे ती. याची ताई.”

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. इतकं, की हसूच येणार होतं. सवत नाही, पहिली बायको नाही, नणंद! आणि लगेच दुसरा विचार आला आणि ते हसू जिथल्या तिथे विरलं. आईला दहा जणांनी सांगितलं होतं, नणंद नाही.

सासूबाईंनी मग सगळं भराभर सांगून टाकलं, जणू मीच आग्रह करून त्यांना दमवलं होतं. ताई नवऱ्याला सोडून माहेरी आली. तो मारायचा. दात त्यातच गेला. घरी येऊन राहिली, सगळं ठीक होतं, पण मास्तरसाठी स्थळं बघायला लागल्यावर जो तो आधी तिचंच विचारी. का आली, कायमची आली का, उद्या आमच्या मुलीच्या डोक्यावर का. दोन ठिकाणी ठरत आलेलं फिसकटलं. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की लग्न होईपर्यंत ताईने मैत्रिणीकडे राहायचं आणि हे लोक गावात नवीन आलेले असल्यामुळे मुलगी आहे हे सांगायचंच नाही.

“लग्न होईपर्यंतच हं,” सासूबाई म्हणाल्या. “पुढे सावकाश तुला सांगणारच होतो.”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं?” मी मास्तरला विचारलं. “तू पण?”

त्याने हातातला घास ताटात ठेवला. “मी काही बोललो नाही,” तो म्हणाला. “ती जिन्यापर्यंत माझ्यामागे आली. म्हणाली, तू तरी काहीतरी बोल. मला क्लासला उशीर होत होता. म्हणजे होत नव्हता उशीर. मी हात सोडवून घेतला.”

“आणि तिने कोट नेऊन नीट करून आणला.”

“हो. आणि आल्यावर म्हणाली, तुझ्यासाठी मुलगी बघून आलेय. रफू करते, तोंडाने फटकळ आहे, हीच कर.”

“काल ती कुठे होती?”

सासूबाई उठून पाणी आणायला गेल्या. मास्तर म्हणाला, “हॉलच्या मागे. माझ्या गाडीत. मी मध्येच ताट घेऊन गेलो होतो तिच्यासाठी. तू विचारलंस ना, कुठे होतास, तेव्हा.”

तेव्हा तो म्हणाला होता, फोटोवाल्याशी बोलत होतो. मी त्या उत्तरावर विश्वास ठेवला होता, मी, जी दुकानात कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही.

आता घरातल्या तिघांनाही वाटत होतं की उलगडा झाला, मी मोकळी झाले. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. या माणसांनी आपली पोटची मुलगी इतक्या सफाईने नाहीशी केली की दहा जणांना पत्ता लागला नाही. तेही रागाने नाही, सोयीसाठी. मग उद्या मी गैरसोयीची झाले तर? आजारी पडले, मूल झालं नाही, नोकरी गेली, तोंड जास्तच चाललं, तर मला कुठे ठेवतील? आणि तेव्हा मास्तर कुठला क्लास गाठेल?

“मला तिच्याकडे घेऊन चल,” मी म्हणाले आणि खोलीत जाऊन बॅग आणली.

“बॅग कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“तिथे गेल्यावर कळेल.”

“अगं, काल लग्न झालंय! शेजारपाजारचे काय म्हणतील?”

“त्यांना सांगा ना काहीतरी,” मी म्हणाले. “तुम्हाला जमतं ते.” फार लागेल असं बोलले, आणि मागेही घेतलं नाही.

मास्तरने बॅग खाली नेली. गाडीत लवंगेचा वास होता आणि आता तो कुणाचा हे मला माहीत होतं.

ताईची खोली एका टायरच्या दुकानाच्या वर होती. मैत्रीण कामावर गेली होती. दार उघडून तिने आधी मला पाहिलं, मग भावाच्या हातातली बॅग, आणि तोंडावर हात ठेवायचं विसरून हसली.

“दुपारीच?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, आठवडा तरी जाईल.”

“म्हणजे?”

“अगं, काल हाच कोट घाल असं मीच बजावलं होतं याला. याला वाटलं, ताईला आवडतो म्हणून.” मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. ती मला म्हणाली, “दुकानात तू सांगितलं होतंस, माझ्या हातून गेलेलं काम मी झोपेतसुद्धा ओळखते.”

सांगितलं असेल. फुशारकी मारायला मला कारण लागत नाही. म्हणजे मी कोट उलटा करणार हेसुद्धा कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं.

“एक विचारते,” मी म्हणाले. “खरं सांग. मला निवडलंस ते भावासाठी की स्वतःसाठी?”

तिने जरा विचार केला. “दोघांसाठी,” ती म्हणाली. “आमच्या घरात कुणीच काही विचारत नाही. विचारणारं माणूस हवं होतं. तुझा उपयोग करून घेतला म्हणालीस तर हो, घेतला.”

मला राग आला होता आणि तरीही बरं वाटलं. सकाळपासून मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. तिच्यावरही मी लगेच विश्वास टाकणार नव्हते. लवंग चघळत चघळत माणसं हलवणारी बाई आहे ती. पण तिच्याशी भांडता येईल, हे कळलं. जिच्याशी भांडता येतं तिच्याबरोबर राहता येतं.

मी मास्तरच्या हातातली बॅग घेऊन भिंतीशी ठेवली आणि त्याला म्हणाले, “मी इथे राहतेय. आईबाबांनी इथे यायचं आणि आम्हाला दोघींना न्यायचं, समोरच्या दाराने, दिवसाढवळ्या. शेजाऱ्यांनी विचारलं तर ही कोण ते सांगायचं.”

“आणि ते आले नाहीत तर?”

“तर मी एका खोट्या घरात लग्न करून गेले होते असं समजेन आणि दुकानात जायला लागेन.”

“तुला माहितीये आई कशी आहे. मी तिला काय सांगू?”

“ते मी नाही सांगणार. मी बोलले तर सून बोलली असं होईल. ताई बोलली तर तिची जुनीच रड. तुझं तू बघ.”

तो दारात उभा राहिला. ताई खिडकीशी जाऊन खाली टायरच्या दुकानाकडे बघायला लागली, पण कान इकडेच होते. मला वाटलं, हा आता जाईल. म्हणेल, क्लास आहे, संध्याकाळी येतो, सावकाश बोलू. मी त्या वाक्याची वाटच बघत होते. ते आलं असतं तर मी त्याला जिन्यापर्यंत पोचवायलासुद्धा गेले नसते.

त्याने फोन काढला. घाईत चुकीचा नंबर लागला, तो कापून त्याने पुन्हा लावला.

“आई, मी बोलतोय. तू आणि बाबा इकडे या. ताईला न्यायला… हो, आत्ता.”

पलीकडचा आवाज आम्हाला दोघींना ऐकू येत होता. सासूबाई विचारत होत्या, हे तुला तिने शिकवलं ना, कालच्या पोरीने?

मास्तरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग ताईच्या पाठीकडे. “नाही,” तो म्हणाला. “ती काही म्हणत नाहीये. मी म्हणतोय.”